नानीचा भोकाचा पैसा आणि आपला कॅम्प

२०२५ च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सातवीच्या वर्गात पहिल्याच दिवशी एका मुलाने विचारले, "टीचर, ब्लॅकआउट म्हणजे लाइट जाणंच ना? मग आपल्याकडे तर रोजच असतो." वर्ग हसला. मे महिन्यात देशभर मॉक ड्रिल झाले होते, भोंगे वाजले होते, टीव्हीवर दिवसरात्र युद्धाच्या गप्पा चालल्या होत्या. मुलांच्या डोक्यात ते सगळे ताजे होते. सुट्टीत त्यांनी मोबाइलवर विमाने आणि क्षेपणास्त्रे यांचे इतके व्हिडिओ पाहिले होते की प्रत्येकाला युद्धातले सगळे काही कळत होते. फक्त एक गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. युद्ध चालू असताना घरात चूल कशी पेटते?

मग दुसरा प्रश्न आला. "टीचर, आपल्या इकडे कधी लढाई आली होती का?"

मी त्यांना विचारले, "तू राहतोस कुठे?"

"कॅम्प नंबर एक."

"कॅम्प का म्हणतात?"

वर्ग गप्प झाला. शहाड स्टेशनबाहेर रिक्षावाले रोज 'एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर' ओरडतात. पत्त्यात आजही 'बराक नंबर' लिहितात. आधार कार्डावर लिहितात, लग्नाच्या पत्रिकेत छापतात. पण हा कॅम्प कोणाचा, ही बराक कोणासाठी, हे विचारायची वेळ आपल्यावर येत नाही. त्या दिवशी तास संपला, पण मी घरी येऊन कपाटातली नानीची पितळी डबी काढली. त्यात एक तांब्याच्या रंगाचा पैसा आहे, मधोमध मोठे भोक असलेला. लहानपणी मला वाटायचे की नानीने ते भोक दोऱ्यात ओवण्यासाठी मुद्दाम पाडून घेतले. ते भोक युद्धाने पाडले होते, हे मला बी. एड. झाल्यावर कळले.

हा लेख त्या पैशाबद्दल आहे, आणि त्या पैशाच्या काळात कल्याण, शहाड, अंबरनाथ या पट्ट्यात साध्या माणसांनी काय पाहिले त्याबद्दल.

टांगेवाल्याची मुलगी

माझी नानी कल्याणची. युद्ध सुरू झाले तेव्हा ती पाच-सहा वर्षांची होती, संपले तेव्हा अकरा-बारा वर्षांची. तिचे वडील कल्याण स्टेशनवर टांगा चालवायचे. नानीला तारखा आठवत नसत, पण भाव आठवत. कोणत्या साली तांदूळ किती, घोड्याचे चंदी-चारे किती, हे ती शेवटपर्यंत सांगायची. इतिहासाच्या पुस्तकात हिटलर आणि चर्चिल असतात. नानीच्या इतिहासात घोडा होता.

दुसरे महायुद्ध सप्टेंबर १९३९ मध्ये सुरू झाले. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी इथल्या कोणालाही न विचारता भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. पहिली दोन वर्षे युद्ध लांबच होते. पण डिसेंबर १९४१ मध्ये जपान उतरला, फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून पडले, आणि एप्रिलमध्ये विशाखापट्टणम व काकिनाडा इथे जपानी बॉम्ब पडले. आता युद्ध दारात आले होते. मुंबई हे पश्चिम किनाऱ्यावरचे सर्वात मोठे बंदर. इथे उतरणाऱ्या फौजा, दारूगोळा, रसद पुढे आसाम-बर्माच्या आघाडीवर पाठवायची होती. त्यासाठी रेल्वेच्या जंक्शनजवळ मोकळी जमीन हवी होती. कल्याणला दोन फाटे फुटतात, एक कसारा-नाशिककडे आणि एक कर्जत-पुण्याकडे. या दोन रुळांच्या मधल्या, उल्हास नदीच्या बाजूच्या माळावर लष्कराने आपले ट्रान्झिट कॅम्प उभारले. सुमारे सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसे राहू शकतील अशी ही वसाहत होती. २,१२६ बराकी आणि सुमारे १,१७३ क्वार्टर्स. आज ज्याला आपण उल्हासनगर म्हणतो ते शहर म्हणजे मुळात हीच बराकींची रांग.

नानीच्या वडिलांचे पहिले दिवस बरे गेले. पेट्रोलचे रेशनिंग १९४१ मध्येच सुरू झाले होते. मोटारी बंद पडल्या, काही बसगाड्यांच्या मागे कोळशाची भट्टी लावून त्या गॅसवर चालवू लागले. टांग्याला पेट्रोल लागत नाही. स्टेशनवरून कॅम्पात जाणारे गोरे सोल्जर, पंजाबी जवान, मद्रासी कारकून सगळे टांग्यात बसत. पण वर्षभरात चंदीचे भाव इतके चढले की कमाई घोड्याच्या पोटात जाऊ लागली. "घोड्यालाही रेशन लागलं होतं," नानी हसून सांगायची. "आधी घोडा जेवायचा, मग आम्ही."

शहाडवरून गेलेल्या गाड्या

शहाड हे कल्याणनंतरचे नाशिकच्या वाटेवरचे पहिले स्टेशन. आज तिथून कसारा लोकल जाते, तेव्हा सैनिकांच्या खास गाड्या जात. पुढे देवळालीला ब्रिटिशांचे जुने लष्करी ठाणे होते. मायदेशी परत जायच्या जहाजाची वाट बघत सोल्जर तिथे महिनोन्‌महिने कंटाळून बसायचे. त्या कंटाळ्याने डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत आजही 'डूलॅली' म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीवरूनच गेला. मराठी गावाचे नाव इंग्रजी शब्दकोशात असे वेड्याच्या रूपाने पोहोचले आहे.

१९४३ मध्ये या वाटेने आणखी एक फौज आली. ब्रिटिशांच्या आफ्रिकी वसाहतींतली, पश्चिम आफ्रिकेची ८१ वी डिव्हिजन. मुंबईला उतरून ही फौज नाशिकच्या आसपास तळ ठोकून होती आणि नंतर बर्माच्या आराकानमध्ये लढली. त्यातले बरेच जवान उत्तर नायजेरियाचे हौसा मुसलमान होते. नानी सांगायची की स्टेशनवर एकदा काळेकभिन्न, उंच सोल्जर उतरले आणि तिच्या वडिलांना "अस्सलामु अलैकुम" म्हणाले. वडील इतके गडबडले की जवाब द्यायला विसरले. त्यांना माहीतच नव्हते की जगात असेही मुसलमान असतात. कल्याणच्या टांगेवाल्याला आणि कानोच्या शेतकऱ्याला एकमेकांसमोर आणून उभे केले ते एका साम्राज्याने, आणि तेही तिसऱ्याच माणसांवर गोळ्या झाडण्यासाठी. मला हा प्रसंग नेहमी गोड आणि कडू दोन्ही वाटतो.

भारतातून या युद्धात सुमारे २५ लाख माणसे फौजेत गेली. सक्तीची भरती नव्हती, पण भूक हीसुद्धा एक सक्तीच असते. शिवाय फौजेच्या यादीत न येणारे होते ते वेगळेच. कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे, कितीतरी मुसलमान जहाजांवर खलाशी होते. भट्टीत कोळसा टाकणारे, इंजिनाला तेल घालणारे. गोऱ्या खलाशाच्या मानाने त्यांना पगार अगदी तुटपुंजा मिळे, आणि १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच त्यांनी त्यासाठी ब्रिटिश बंदरांत संपही केले होते. टॉर्पेडो लागला की सर्वात आधी बुडायचे ते जहाजाच्या पोटात काम करणारे. २३ नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेले 'तिलावा' हे प्रवासी जहाज जपानी पाणबुडीने बुडवले, त्यात २८० माणसे गेली. आपल्या कोकणी घरांत 'दर्यात गेला' एवढेच म्हणून थांबलेल्या कितीतरी गोष्टी आहेत. त्यांतल्या काही युद्धाच्या आहेत, हे आता सांगणारे उरले नाहीत.

तांदूळ, साखर आणि कफन

बर्मा पडला म्हणजे आपल्याकडचा तांदूळ पडला. मुंबई, ठाणे, कोकण या पट्ट्यात भात हेच अन्न, आणि त्यातला मोठा वाटा रंगूनहून जहाजाने येई. तो बंद झाला. फौजेची खरेदी वाढली, नोटांचा पूर आला, व्यापाऱ्यांनी कोठारे बंद केली. बंगालमध्ये १९४३ मध्ये याचा शेवट दुष्काळात झाला, सुमारे तीस लाख माणसे मेली. मुंबईत ते झाले नाही, याचे एक कारण म्हणजे रेशन. मे १९४३ मध्ये मुंबई शहरात धान्याचे रेशनिंग सुरू झाले, आणि पुढे इलाख्यातल्या इतर शहरांतही ते पसरले. 'रेशनकार्ड' हा शब्द मराठीत आला तो या युद्धातून. 'कंट्रोलचे दुकान', 'ब्लॅक', 'परमिट', 'कोटा' हे शब्दही त्याच रांगेत उभे राहून आपण शिकलो. युद्ध संपून ऐंशी वर्षे झाली, पण माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी धान्य आजही 'कंट्रोल'मधूनच येते.

रेशनमध्ये तांदूळ कमी आणि गहू, बाजरी, ज्वारी जास्त. भात खाणाऱ्या बायकांना गव्हाचे काय करायचे कळेना. नानीची आई गहू भिजवून, कुटून, भातासारखा शिजवायची आणि घरातले सगळे तोंड वाकडे करून खायचे. १९४३ चा रमजान सप्टेंबरात आला. सहरीला काय, इफ्तारला काय, हा प्रश्न त्या वर्षी घराघरात होता. साखर रेशनवर. ईदच्या शीरखुर्म्यासाठी नानीच्या आईने पूर्ण महिना चहा गुळाचा केला आणि साखर एका बरणीत साठवली. शेजारच्या मराठा कुटुंबाने आपल्या कार्डावरची थोडी साखर आणून दिली. दिवाळीला नानीच्या आईने आपल्या कार्डावरची त्यांना दिली. नानी हे सांगताना भाईचारा वगैरे शब्द वापरत नसे. ती म्हणायची, "द्यायलाच लागायची. नाहीतर दोघांची ईदही फिकी आणि दिवाळीही फिकी."

कापडाचेही तेच. गिरण्या रात्रंदिवस चालत होत्या, पण माल फौजेचा. खाकी कापड, तंबू, पट्टे. जून १९४३ मध्ये सरकारने कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम काढला, गरिबांसाठी 'स्टँडर्ड कापड' आणले. या हुकुमाचा फटका आपल्या समाजाला खास बसला, कारण भिवंडी आणि मालेगावचा मोमीन विणकर सुतावर जगतो. सूत मिळेना, मिळाले तर काळ्या बाजारात. माग रिकामा बसला की विणकराच्या घरी चूल बसते. भिवंडी शहाडपासून फार लांब नाही. तिथल्या सुताची टंचाई आणि इथल्या बराकीतला नवाकोरा तंबू या एकाच कापडाच्या दोन बाजू होत्या.

नानीची एक आठवण मला लिहितानाही जड जाते. तिची धाकटी बहीण तापाने गेली तेव्हा कफनाला कापड मिळेना. वडील चिठ्ठी घेऊन दुकानात गेले, रांगेत उभे राहिले. दफन त्या दिवशी अस्रनंतर होणार होते, ते मगरिबपर्यंत लांबले. आपल्याकडे मय्यत थांबवत नाहीत. त्या दिवशी थांबवावी लागली, दोन-तीन वार पांढऱ्या कापडासाठी. युद्धात मेलेल्यांच्या कुठल्याही यादीत त्या मुलीचे नाव नाही.

भोक कोणी पाडले

आता त्या पैशाकडे येते. युद्धात तांबे, कासे, निकेल, चांदी सगळे महाग झाले. तांबे काडतुसांना लागते. सरकारने १९४० मध्ये रुपयातली चांदी जवळजवळ निम्म्यावर आणली आणि एक रुपयाची कागदी नोट चलनात आणली. लोकांचा कागदावर विश्वास नव्हता. त्यांनी जुने चांदीचे रुपये घरात पुरले, खुर्दा साठवला. बाजारात सुटे पैसे मिळेनासे झाले. नानीच्या वडिलांना टांग्याचे भाडे दोन आणे, गिऱ्हाइकाकडे नोट, सुटे दोघांकडे नाहीत. मग पानवाल्याकडून चिठ्ठी, नाहीतर उधारी. खुर्दा दडवणे हा सरकारने गुन्हा ठरवला.

१९४३ मध्ये सरकारने एक पैशाचे नाणे बदलले. मधला भाग काढून टाकला, म्हणजे तेवढा धातू वाचला. हाच तो भोकाचा पैसा. १९४७ पर्यंत तो निघत राहिला. पोरांनी तो करगोट्यात ओवला, बायकांनी वॉशर म्हणून वापरला. साम्राज्य इतके मोठे की त्याच्यावर सूर्य मावळत नाही म्हणायचे, आणि पैशाच्या मधला तुकडा काढून घ्यायची पाळी आली. नानीच्या वडिलांना राजकारण कळत नव्हते, पण तो पैसा हातात आल्यावर ते म्हणाले म्हणे, "आता हे जास्त दिवस टिकत नाहीत."

दिव्याला काळा कागद

ब्लॅकआउट म्हणजे काय, हे मी मुलांना नानीच्याच शब्दांत सांगितले. कंदिलाला काळा कागद गुंडाळायचा. खिडकीला गोणपाट. टांग्याच्या दिव्याची काच अर्धी काळी रंगवायची. रॉकेलही रेशनवर होते, त्यामुळे तसाही दिवा लवकर विझे. डिसेंबर १९४१ ते एप्रिल १९४२ या महिन्यांत मुंबईतून लोक बायकामुलांना गावी पाठवू लागले. गाड्या भरून वाहू लागल्या. कल्याणलाही मुंबईचे पाहुणे आले आणि काही महिने राहिले.

मुंबईवर जपानी बॉम्ब पडलाच नाही. जो स्फोट झाला तो आपल्याच गोदीत. १४ एप्रिल १९४४, दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागून ते उडाले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा एकत्र भरल्या होत्या. अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा स्फोट झाला. मांडवी, मस्जिद बंदर, डोंगरीच्या बाजूचा भाग हादरला, गोदामे दिवसच्या दिवस जळत राहिली, शेकडो माणसे मेली आणि हजारो बेघर झाली. आग विझवताना ६६ अग्निशामक जवान मेले. आज देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. गोदीतले हमाल, गोदामांतले कामगार, मांडवीतली दुकाने, यांत आपल्या लोकांची संख्या मोठी होती.

आणखी एक गोष्ट मुलांना ऐकवण्यासारखी आहे. इतका मोठा स्फोट शहराने कानांनी ऐकला, पण सेन्सॉरमुळे वर्तमानपत्रांत सविस्तर छापता येईना. जपानच्या ताब्यातल्या रेडिओ सायगॉनने मात्र तो दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितला. आपल्या घरात काय जळाले ते शत्रूच्या रेडिओवरून कळावे, हे युद्धकाळाचे खरे रूप. खबर बंद झाली की अफवा सुरू होते. नानी सांगायची, कल्याणला कोणी म्हणे जपानी उतरले, कोणी म्हणे गांधींच्या माणसांनी केले, कोणी म्हणे सोन्याचा पाऊस पडला. शेवटची अफवा खरी होती. सोन्याच्या विटा खरोखर लांबवर उडाल्या होत्या.

सिनेमा, रेडिओ आणि शाहीर

अशा दिवसांत माणसे हसत-गात नव्हती का? भरपूर. कच्च्या फिल्मची टंचाई झाली तेव्हा सरकारने १९४२ मध्ये चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली. १९४३ पासून थिएटरमालकांना सरकारी माहितीपट आणि 'इंडियन न्यूज परेड' दाखवणे सक्तीचे झाले. फौजेत भरती व्हा, धान्य पिकवा, गप्पा मारू नका. लोक ते संपेपर्यंत बाहेर चहा पीत.

पण त्याच वर्षी 'किस्मत' आला. बॉम्बे टॉकीजचा, अशोककुमारने त्यात खिसेकापू केला होता. त्यात कवी प्रदीप यांचे एक गाणे होते, ज्यात परक्यांना हिंदुस्थानातून दूर व्हायला सांगितले होते. जर्मन आणि जपानी यांची नावे त्यात घातल्यामुळे सेन्सॉरने ते जाऊ दिले. थिएटरात बसलेल्यांना मात्र बरोबर कळत होते की कोणाला निघायला सांगितले आहे. कलकत्त्याच्या रॉक्सीत तो तीन वर्षांहून जास्त चालला. त्याच काळात व्ही. शांताराम यांचा 'शकुंतला' चालला, १९४४ मध्ये 'रतन' आला आणि नौशाद यांच्या चाली टांगेवाल्यांच्या तोंडी बसल्या. नानीच्या वडिलांच्या तोंडी जन्मभर 'रतन'चीच गाणी होती.

रेडिओ फार थोड्या घरांत होता. ज्याच्याकडे होता त्याच्या दुकानासमोर गर्दी. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर ठराव झाला आणि नेते पकडले गेले, तेव्हा उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्टपासून नोव्हेंबरात पकडले जाईपर्यंत. आणि 'भारत छोडो' ही घोषणा ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते युसुफ मेहेरअली त्याच वर्षी मुंबईचे महापौर होते. आमच्या मुलांना ही दोन नावे एकत्र सांगावी लागतात, कारण दुसरे नाव परीक्षेत क्वचितच विचारतात.

मराठी माणसाला युद्ध समजावले ते शाहिरांनी. अण्णाभाऊ साठे यांनी १९४३ मध्ये स्टालिनग्राडवर पोवाडा लिहिला. वाटेगावच्या, शाळेत न टिकलेल्या माणसाने व्होल्गाकाठची लढाई मुंबईच्या चाळीत आणून ठेवली. १९४४ मध्ये त्यांनी द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांच्यासोबत लाल बावटा कलापथक काढले. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. मराठीतला तो बुलंद आवाज एका मुसलमानाचा होता, हे सांगितले की वर्गात दरवेळी दोन-चार माना वर होतात. मराठी ही 'त्यांची' भाषा आणि उर्दू 'आपली', अशी वाटणी घरातून घेऊन आलेली मुले असतात. अमर शेख यांचे नाव त्या वाटणीवरचे माझे जुने औषध आहे. अर्थात, त्या वेळी कम्युनिस्ट पक्ष युद्धाला 'लोकयुद्ध' म्हणत होता आणि काँग्रेसचे लोक तुरुंगात होते. त्यामुळे एकाच चाळीत युद्धाविषयी दोन मते होती आणि भांडणेही होत. ही गोष्टही मी मुलांपासून लपवत नाही.

युद्ध गेले, बराकी राहिल्या

ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपले. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौदलाच्या खलाशांनी बंड केले, आणि त्याची ठिणगी कशावरून पडली? निकृष्ट जेवणावरून. त्यांच्या संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. जहाजांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट यांचे झेंडे एकत्र लागले. दीड वर्षाने देशाचे दोन तुकडे झाले.

कॅम्प रिकामा झाला होता. १९४७ च्या शेवटी सिंधमधून जहाजांनी आणि गाड्यांनी आलेल्या निर्वासितांना तिथे आणले गेले. बघता बघता सुमारे एक लाख माणसे सोल्जरांच्या बराकींत राहू लागली. एका बराकीत चादरी बांधून कितीतरी कुटुंबे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला असेच घडले होते, आधी पाच हजार पोलिश निर्वासित आणि ते गेल्यावर सिंधी. ८ ऑगस्ट १९४९ रोजी सी. राजगोपालाचारी यांनी इथे शहराची कोनशिला बसवली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले.

नानीच्या वडिलांनी त्या लोकांनाही टांग्यातून नेले. ते आपले घर सोडून आले होते, आणि नानीचे एक काका त्याच महिन्यांत कराचीला निघून गेले. कदाचित एकमेकांच्या रिकाम्या घरांत. टांग्यात बसलेल्या सिंधी म्हातारीने टांगेवाल्याची टोपी पाहून पदर ओढला, आणि उतरताना भाडे देऊन रडली, असे नानीला तिच्या वडिलांनी सांगितले होते. काय बोलली ते त्यांना कळले नाही.

काही वर्षांपूर्वी मी कॅम्पातल्या एका जुन्या दुकानात वह्या घ्यायला गेले होते. गल्ल्यामागे वडिलांच्या काळातली एक पाटी होती, अरबी वळणाच्या सिंधी लिपीत. मी ती अडखळत वाचली, कारण निम्मी अक्षरे उर्दूचीच. दुकानाचे वृद्ध मालक उठून उभे राहिले. म्हणाले, "माझ्या नातवंडांना येत नाही हे. तुम्हाला कसं येतं?" मी म्हटले, मी उर्दू शिकवते. त्यांनी वह्यांचे पैसे घेतले, पण चहा पाजल्याशिवाय सोडले नाही. आम्ही दोघेही फाळणीबद्दल एक शब्द बोललो नाही. भाव, शाळा, लोकलची गर्दी यांबद्दल बोललो.

युद्धाचे एक देणे मात्र अजून फिटलेले नाही. कॅम्पच्या पलीकडे, नेवाळीच्या बाजूला, लष्कराने तेव्हा विमानांच्या धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपले, साम्राज्य गेले, जमिनी परत आल्या नाहीत. जून २०१७ मध्ये तिथे आंदोलन पेटले, गाड्या जळल्या, गोळीबार झाला. हिटलर मरून बहात्तर वर्षे झाली होती आणि त्याच्याविरुद्धच्या लढाईसाठी घेतलेल्या शेतावर आपली माणसे आपल्याच पोलिसांसमोर उभी होती.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाला मी असे उत्तर दिले. हो, इथे लढाई आली होती. ती रणगाड्यातून आली नाही. ती तांदळाच्या भावातून, पैशाच्या भोकातून, न मिळालेल्या कफनातून आली, आणि गेली तेव्हा तुझ्या पत्त्यात बराक नंबर ठेवून गेली. टीव्हीवर जो ओरडून युद्ध मागतो त्याला हे विचारायला शिका की रांगेत कोण उभे राहणार आहे.

मुलांना मी गृहपाठ दिला. घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला विचारा, टंचाईच्या काळात तुम्ही काय खाल्ले, आणि शेजाऱ्याने काय दिले. पंधरा दिवसांत वह्या भरून आल्या. कोणी १९७१ च्या ब्लॅकआउटचे लिहिले, कोणी १९७२ च्या दुष्काळातल्या सुकडीचे, कोणी लॉकडाउनमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दिलेल्या पिठाचे. एका मुलीने फक्त दोन ओळी लिहिल्या होत्या. तिच्या दादीला काही आठवत नव्हते, पण शेजारणीचे नाव आठवत होते.

ती वही मी जपून ठेवली आहे, नानीच्या पितळी डबीशेजारी. तुमच्या घरीही अशी डबी असेल. ती उघडायला वेळ करू नका. सांगणारे एकेक करून चालले आहेत.